वीस हजारांचा ठिपका

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

भाऊजी,

आज निर्देशांक १९,४१२ वर बंद झाला. ठिपका देऊन आत्ताच स्टुलावरून उतरले आणि तशीच लिहायला बसले.

अकरा वर्षांनी वहिनीचं पत्र येतं आणि त्यात पहिलीच ओळ बाजाराची, म्हणून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. नोव्हेंबरात हे गेले तेव्हा तुम्हाला फोन गेला होता. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. वेगळं काम आहे.

पॅसेजमधली ती भिंत तुम्हाला आठवत असेलच. दर शुक्रवारी एक ठिपका, आठवड्याला एक मिलिमीटर पुढे, शंभर अंकांना एक सेंटिमीटर वर. यांनी आलेखाचा कागद खालपासून वरपर्यंत चिकटवला, तेव्हा निर्देशांक दोनशेच्या घरात होता. रेघ जमिनीलगत सरपटायची. हे ठिपका द्यायला पालथे पडायचे आणि तुम्ही म्हणायचात, "दादा, मुंगीसाठी एवढा हमरस्ता कशाला बांधलास?" हे म्हणायचे, "वर जायला जागा नको?"

पुढे पालथं पडायचं थांबलं. मग मांडी घालून, मग गुडघ्यांवर, मग कितीतरी वर्षं उभ्याने. शेवटची दोन वर्षं स्टूल लागायला लागलं. वर माळा असल्यामुळे आपल्या पॅसेजचं छत ठेंगणं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, दारावरच्या तुळईला तर तुमचं डोकं आपटायचं. वीस हजारांची रेघ बरोब्बर त्या छताला चिकटते.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मला वाटलं पाणी हवं. म्हणाले, "छताला लागेल तेव्हा त्याला बोलाव. तो ठिपका त्याने द्यायचा." कोणाला, असं मी विचारलं नाही. भाऊ एकच आहे.

आता छत सहा सेंटिमीटरवर आलं आहे. कधीही बोलवीन. तयारीत असा.

— वहिनी

शुक्रवार, २० फेब्रुवारी

भाऊजी,

१९,६८८. दोन आठवड्यांत पावणेतीन सेंटिमीटर. तुमचं उत्तर नाही, पण बाजार कोणाच्या उत्तराची वाट बघत नाही.

इथे काय चाललं आहे ते सांगते. खालच्या मजल्यावर एक शिंपी आला आहे, तुम्ही गेल्यानंतरचा. बायकोच्या आग्रहाने त्याने आपली शिल्लक निर्देशांकाच्या फंडात टाकली. आधी त्याला निर्देशांक म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. देशातल्या मोठ्या कंपन्यांच्या भावांचा मिळून एक आकडा काढतात, असं मी सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे अख्ख्या देशाची छाती किती इंच, तेच ना?" तेव्हापासून दर शुक्रवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून वर येतो, गळ्यात टेप तसाच. मी ठिपका दिला की रेघेपासून छतापर्यंत माप घेतो आणि जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगतो. त्याचं ऐकून वरची शिकवणीवाली यायला लागली, मग समोरचे दोघे-तिघे. आज पॅसेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मला इतकी माणसं घरात असण्याची सवय नाही. पण वाईट वाटलं नाही.

टीव्हीवरचे तज्ज्ञ वर्षअखेरीस पंचवीस हजार सांगत आहेत. शिंपी म्हणाला, "काकू, पंचवीस झाले तर वरच्या मजल्याची फरशी फोडावी लागेल." शिकवणीवाली म्हणाली, "फोडा, माझ्याच खोलीत निघेल रेघ. फळ्याचा खर्च वाचेल."

यांच्या जाण्याच्या आठवड्यातसुद्धा ठिपका चुकलेला नाही. लेक म्हणाली, "आई, आज तरी राहू दे." घरात माणसं बसली होती. मी उठले, स्टूल ओढलं आणि ठिपका दिला. मला त्यांच्या नजरा कळल्या. त्या दिवशी मला दुसरं काहीच करता येत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

तुम्ही याल ना?

— वहिनी

शुक्रवार, ६ मार्च

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ओरडल्यासारखं. मी ते इतक्यांदा वाचलं की आता पाठ म्हणून दाखवीन:

"वहिनी, दोन्ही पत्रं पोचली. स्टुलावर चढू नका. या वयात खुबा मोडला तर बाजार वर गेला काय नि खाली गेला काय. दादा गेला त्या दिवशी मी आलो होतो. जिन्यापर्यंत. दाराशी चपलांची रास बघितली आणि परत फिरलो. भिंतीचं म्हणाल, तर जे म्हणायचं ते मी तेव्हाच म्हटलं आहे. दुप्पट झालं की एक वीत. दोनशेचे चारशे झाले तरी एक वीत, दहा हजारांचे वीस हजार झाले तरी एक वीत. आलेख असा काढतात. तसा काढा, मग मला बोलवा. त्या भिंतीवर मी ठिपका देणार नाही."

तुम्ही जिन्यापर्यंत आला होतात. मी त्या दिवशी आत बसून होते आणि तुम्ही जिन्यात होतात. यावर मी जास्त लिहीत नाही.

भिंतीचं मात्र लिहिते. लेकीच्या लग्नाची बोलणी चालू होती, व्याही पहिल्यांदा घरी आले होते आणि हे त्यांना भिंत दाखवत होते. रेघ तेव्हा कमरेच्या वर आली होती. हे म्हणाले, "बघा, गेली इतकी वर्षं सारखी वर. इथे खाली, सुरुवातीला, जरासा पाय घसरला होता, तेवढंच." तुम्ही चहाचा कप घेऊन उभे होतात. तुम्ही खाली उकिडवे बसलात आणि त्या जागेवर बोट ठेवलंत.

"जरासा? दादा, जरासा?"

"आकडे खरे आहेत," हे म्हणाले.

"आकडे खरे आहेत. रेघ खोटी आहे," असं म्हणून तुम्ही कप तिथेच फरशीवर ठेवून निघून गेलात. ते शेवटचं.

व्याह्यांना काही कळलं नाही. मला थोडं कळलं होतं. त्या घसरणीत तुमची पेढी गेली, घर गेलं, जाऊबाई माहेरी गेल्या त्या गेल्याच. भिंतीवर ते सगळं मिळून दोन बोटं आहे. यांनाही कळलं असावं, कारण त्यानंतर हे भिंत दाखवायला कोणाला घरी बोलावत नसत. पण यांना आयुष्यभर शेअर बाजारातल्या उंच फळ्यावर खडूने भाव लिहायची सवय. आकडा आला, लिहिला. तुम्ही खाली रिंगणात उभे राहून सौद्यांसाठी ओरडायचात. सासूबाई म्हणायच्या, एकाचा खांदा गेला, एकाचा घसा गेला, आणि घरी आल्यावर दोघेही मुके.

आज १९,८७०. छत एका बोटावर आहे. मी नवीन कागद काढणार नाही, भाऊजी. यांनी ही भिंत काढली आहे आणि बोलावणंही यांचंच आहे. तुम्ही हट्ट सोडा. आपल्या वयात फार वाट बघणं परवडत नाही.

— वहिनी

शुक्रवार, २० मार्च

भाऊजी,

तुम्ही बातम्या बघितल्याच असतील. गेल्या शुक्रवारी १९,९०२ होता, आज १८,४९०. एका आठवड्यात चौदा सेंटिमीटर खाली. यांच्या भिंतीवर एवढी मोठी पडझड कधीच नाही. पेन्सिल खाली खाली ओढताना मला वाटलं, पट्टी सरकली असेल. दोनदा मोजलं.

शिंपी पायरीवर बसून राहिला. टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळत होता. म्हणाला, "काकू, मी गिऱ्हाइकांना सांगतो की कापड पहिल्या धुण्यात आटतं, त्याची आधीच सोय ठेवा. स्वतःची सोय ठेवायची विसरलो." शिकवणीवाली भिंतीसमोर हात जोडल्यासारखी उभी. कोणीतरी म्हणालं, केवढी खोल. कोणी फोनवर फोटो काढला. टीव्हीवरचे तेच तज्ज्ञ आता पंधरा हजार म्हणत आहेत, आणि तेवढ्याच खात्रीने.

सगळे गेल्यावर मी दार लावलं. डोक्यात एकच होतं, की आता छताला लागायला वर्षं जातील, आणि तुम्ही नाही, मी नाही. मग हिशेब केला. शंभरातले सात गेले होते. साताहून किंचित जास्त.

मग मी खाली बसले, पण तेवढ्याने दिसेना. म्हणून पालथी पडले. गुडघे कुरकुरले. यांच्यासारखी हनुवटी हातावर टेकवली आणि तुमची जागा शोधली. ४१० वरून १८०. शंभरातले छप्पन्न.

भाऊजी, आज या पॅसेजमध्ये इतकी माणसं सातासाठी हळहळत उभी होती. छप्पन्नासाठी कोणी कधी वाकलंसुद्धा नव्हतं. झाडू मारताना मीही रोज तिथूनच गेले.

मी उद्या कागद आणते.

— वहिनी

शुक्रवार, १० एप्रिल

भाऊजी,

तीन आठवडे लिहायला फुरसत मिळाली नाही. फुरसत नाही हे वाक्य मी नोव्हेंबरापासून पहिल्यांदा लिहिते आहे.

यांच्या भिंतीला हात लावलेला नाही. समोरच्या भिंतीवरच्या खुंट्या काढल्या. यांचा कोट अजून तिथेच होता, तो आत ठेवला. मग कागद चिकटवला आणि शिकवणीवालीला बोलावलं. तुमचं कार्ड वाचून ती म्हणाली, "काकू, याला लॉगचं माप म्हणतात."

"मला वीत चालेल," मी म्हटलं.

"वीत कोणाची घ्यायची?"

माझीच घेतली. ती लहान आहे, पण घरात आता तेवढीच आहे. यांच्या भिंतीवरून महिन्याचा एकेक आकडा मी वाचायचा, तिने फोनवर वितांचा हिशेब करून सांगायचा, मी ठिपका द्यायचा. तिची शिकवणीची मुलं आमच्या जिन्यात बसून पाढे म्हणत होती. मधूनच शिंपी यायचा आणि रेघ सरळ आहे की नाही ते एक डोळा मिटून बघायचा. म्हणाला, "दोन्ही भिंतींना एकाच माणसाचं माप आहे ना? मग एक एवढी ढगळ आणि एक अंगाबरोबर कशी?"

तुमच्या महिन्यांपाशी आलो तेव्हा रेघ खाली यायला लागली. आधी चार बोटं. मग आणखी. शिकवणीवाली आकडा सांगायची आणि मला वाटायचं ती चुकली. एक वीत झाली तरी थांबेना. शेवटी एक वीत आणि दोन बोटं. त्याच्यापुढे मार्चमधली ती चौदा सेंटिमीटरची पडझड या कागदावर एका बोटाची झाली. शिंपी बराच वेळ दोन्हीकडे आलटून पालटून बघत राहिला. मग म्हणाला, "ही मोठी कोणाची?" मी म्हटलं, "माझ्या दिरांची." टेप घेऊन त्याने ती मापली, आणि जिन्यात मात्र ओरडून सांगितली नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आधीच माहीत असणार. या कागदावर वर अजून कितीतरी जागा शिल्लक आहे. साडेतीन वीत. म्हणजे निर्देशांक तीनदा दुप्पट झाला तरी छत लागणार नाही. यांना हे आवडलं असतं. वर जायला जागा नको?

आणि बाजार उठला आहे. आज १९,१५०. तुम्ही म्हणाला होतात, तसा काढा, मग बोलवा. तसा काढला आहे. आता माझ्याकडून काही बाकी नाही.

— वहिनी

शुक्रवार, ८ मे

भाऊजी,

२०,०१६.

दुपारपासून कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. शिंप्याने फोन दुकानाच्या फळीवर उभा करून ठेवला होता. १९,९८८. १९,९९५. एक गिऱ्हाईक एका बाहीला टाचण्या लावलेल्या अवस्थेत उभं होतं, ते म्हणालं, "अहो, माझी दुसरी बाही." शिंपी म्हणाला, "देश वीस हजारांवर चालला आहे, तुमची बाही कुठे पळून जाते?" मी खाली उभी होते, हातात पिशवी. मला घरी जायचं होतं आणि पाय निघत नव्हते. २०,००४ आला, परत १९,९९९, तेव्हा शिकवणीवालीने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतो आहे. मग तो पुन्हा चढला आणि बंद होईपर्यंत खाली आलाच नाही.

सगळे वर आले. कोणीतरी स्टूल मांडलं. शिंप्याने पेन्सिलीला टोक काढून माझ्या हातात दिली. समोरच्या नव्या कागदावर मी ठिपका दिला. मग सगळे यांच्या भिंतीकडे वळले आणि माझी वाट बघायला लागले.

मी म्हटलं, "हा माझा नाही."

"मग कोणाचा?" शिंपी.

"यायचा आहे तो माणूस."

"कधी येणार?"

मी पेन्सिल स्टुलावर ठेवली. लोक हळूहळू पांगले. नोव्हेंबरापासून मी इतकी आनंदात नव्हते, आणि हे कोणाला सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे असते तर आज काहीही बोलले नसते. जेवताना दोनदा उठून पॅसेजमध्ये जाऊन आले असते.

ठिपका दिलेला नाही. मी देणारही नाही. स्टूल भिंतीपाशीच ठेवलं आहे. चपलांची रास नाही. दाराशी माझा एकच जोड असतो.

— वहिनी

सोमवार, १८ मे

भाऊजी,

तुम्ही काल संध्याकाळी गेलात आणि आज मी पत्र लिहिते आहे, याला लेक हसेल. पण सवय लागली आहे, आणि समोर बसून मला काही बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काल मी चहाशिवाय काहीच विचारलं नाही.

तुम्ही दारातून आलात आणि डोकं तुळईला आपटलंत. अकरा वर्षांनी आणि पुन्हा तिथेच. मला तेव्हाच धीर आला.

मी नवा कागद दाखवणार होते. इतके दिवस मनात तेच घोकत होते, की आधी हे दाखवायचं, मग ते. तुम्ही तिकडे बघितलंही नाही. सरळ यांच्या भिंतीपाशी गेलात, भिंतीला हात लावत खाली बसलात आणि मग पालथे पडलात. मी "अहो, कपडे" म्हणाले, तुम्ही ऐकलं नाही. त्या दोन बोटांपाशी डोळे नेऊन बराच वेळ पडून होतात. मला वाटलं, पुन्हा तेच होणार.

मग तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "वहिनी, इथून छत केवढं लांब दिसतं."

मीही मान वर करून बघितलं.

"आणि हा शहाणा इथे पडून तिथपर्यंत कागद लावत होता," तुम्ही म्हणालात. "मी बुडालो त्या वर्षीसुद्धा वरचा कागद खरवडून काढला नाही त्याने." त्यानंतर तुम्हाला उठता येईना. मी एका बाजूने, शिंपी दुसऱ्या बाजूने. शिंपी म्हणाला, "काका, बाजार उठला, तुम्हीही उठा," आणि तुम्ही जे त्याला ऐकवलंत, ते मी पत्रात लिहीत नाही. तुमचा घसा पूर्ण गेलेला नाही, एवढं अख्ख्या जिन्याला कळलं.

मग नवा कागद. तुम्ही चष्मा पुसलात. ४१० वर अंगठा टेकवलात आणि बोटं खाली पसरलीत. करंगळी बरोब्बर १८० वर गेली. माझी एक वीत आणि दोन बोटं ती तुमची एकच वीत. हात तुम्ही लगेच काढला नाहीत. शिकवणीवाली तोंड वळवून उभी राहिली. मी स्टूल पुसायला घेतलं, ते स्वच्छच होतं.

ठिपका तुम्ही दिलात. स्टूल तुम्हाला लागलंच नाही. छताच्या कडेला पेन्सिल टेकवताना म्हणालात, "दिसत नाही, पण लागला." आणि लगेच मी परवाच्या शुक्रवारचा आकडा सांगितला, १९,९३१, तेव्हा वरून माझ्याकडे असं बघितलंत, की जणू तो मीच पाडला. छताला लावलेली रेघ तुम्हीच पुन्हा अर्ध्या बोटाने खाली आणलीत. शिंप्याने विचारलं, "काका, तुम्ही बाजारातले. खरं सांगा, पुढे काय?" टीव्हीवर इतके दिवस इतकं ऐकलं होतं. तुम्ही हात झटकलेत आणि म्हणालात, "पुढे शुक्रवार."

तुम्ही गेल्यावर मी दोन्ही भिंतींमध्ये उभी राहिले. एक सांगते किती वर आलो, एक सांगते कोणाला किती लागलं. आता दोन्ही राहतील. मग मी यांच्या कोटाचे खिसे पहिल्यांदा रिकामे केले. रुमाल, बसचं तिकीट, खोडरबर. ते मी स्टुलावर ठेवलं आहे, तिथे उपयोगी पडेल.

एक काम आहे. ठिपका देऊन झाल्यावर पेन्सिल तुम्ही शर्टाच्या खिशात घातलीत आणि तशीच घेऊन गेलात. यांची आहे ती. घरात दुसऱ्या आहेत, पण मी त्या वापरणार नाही.

शुक्रवारी घेऊन या. वाकून या.

— वहिनी